कॉस्टकोचं कार्ड : आधी घरातली पानं मोजा
एका ताईंनी विचारलंय की न्यू जर्सीतल्या त्यांच्या मुलाने कॉस्टकोचं, म्हणजे फी भरून सभासद झालेल्यांना मोठ्या मापात स्वस्त माल विकणाऱ्या अमेरिकेतल्या दुकानाचं, वर्षाला ६५ डॉलरचं कार्ड काढावं का. त्यांना सांगतो, घरात खाणारी माणसं किती ते आधी बघा. आम्ही बडोद्याची माणसं, होळीनंतर वर्षाचे गहू घ्यायचे, एरंडेल चोळून कोठीत भरायचे, शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा डबा आणायचा, हे दांडिया बाजारात घरोघरी चालायचं, पण ते परवडायचं कारण घरात आठ-दहा पानं आणि माल टिकणारा. दोघंच असतील तर तिथला पालकाच्या भाजीचा भलामोठा डबा निम्मा कचऱ्यात जातो, मग स्वस्त कसलं आलंय!

तांदूळ, बदाम, डायपर, टिश्यू हे मात्र बिनधास्त घ्यावं. कॉस्टकोचा पंप रोजच्या वाटेवर असेल तर पेट्रोलमध्येही फी बरीच सुटते.

१३० डॉलरवालं एक्झिक्युटिव्ह कार्ड घ्यायच्या आधी हिशोब करा, त्यात खरेदीवर २ टक्के परत मिळतात, म्हणजे वरचे ६५ सुटायला वर्षाला ३२५० डॉलरची खरेदी हवी, महिन्याला साधारण २७०, आणि पेट्रोल त्यात धरत नाहीत. लहान पोरं असलेल्या घरात होतं तेवढं, नवराबायको दोघांचं अवघड आहे.

साध्या कार्डाला माझा होकार आहे, कारण त्याच फीत घरातल्या अजून एकाला कार्ड मिळतं आणि नाही पटलं तर फी पूर्ण परत देतात. फक्त तिथल्या दुकानात क्रेडिट कार्ड व्हिसाचंच चालतं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.