कुटुंब अध्ययन आणि वृद्धत्वशास्त्र : बेळगाव-निपाणी भागातून एम.ए./एम.एस्सी. कुठून करावं?

निपाणी_वाचक
नमस्कार. बी.ए. मानसशास्त्र, तीन वर्षांची पदवी, राणी चन्नम्मा विद्यापीठ. मुलं पुण्या-बेंगळुरूला आणि आईवडील गावात, अशा घरांवर प्रबंध करायचा आहे. धारवाड, कोल्हापूर, मुंबई की परदेश? आणि मराठीत तयार प्रश्नावली मिळते का?

तिसरं_गेट
आधी एक घोळ मिटवून घ्या. जिरियाट्रिक्स म्हणजे वृद्धांचं वैद्यक, ते एम.बी.बी.एस.नंतरचं. तुम्हाला हवं आहे ते जेरोंटॉलॉजी, म्हणजे वृद्धत्वशास्त्र. या नावाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे क्वचित दिसते. विषय गृहविज्ञान, समाजकार्य नाहीतर लोकसंख्याशास्त्राच्या पोटात असतो. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत, यूजीसी नेटमध्येही, जेरोंटॉलॉजी हा वेगळा विषय नाही. पुढे प्राध्यापकी करायची असेल तर कोणत्या विषयातून नेट देणार हे आजच ठरवा, पदवी त्यावरून निवडा.

धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात मानव विकास व कुटुंब अध्ययन हा विभाग आहे. घराजवळ याहून नेमकं काही नाही. पण तिथली एम.एस्सी. गृहविज्ञानाच्या, म्हणजे आताच्या सामुदायिक विज्ञानाच्या, पदवीधरांसाठी आहे. बी.ए. मानसशास्त्रावर अर्ज करून शुल्क घालवू नका. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातही याच विषयाचा विभाग आहे, पात्रता तिथल्या माहितीपत्रकात तपासा.

तुमच्यासाठी सरळ वाट एम.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीची, कारण तिला कोणतीही पदवी चालते. बेळगावात राणी चन्नम्मा, कोल्हापुरात सायबर (CSIBER) ही संस्था, मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था). महाविद्यालयाच्या नावापेक्षा क्षेत्रकार्य कुठे देतात ते विचारा. दोन वर्षं फक्त कारखान्याच्या कामगार कल्याण विभागात गेली तर वृद्धांशी गाठच पडणार नाही. महाराष्ट्रात प्रवेश घेताना आपलं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागाच्या ८६५ गावांच्या यादीत आहे का पाहा, कारण तिथल्या विद्यार्थ्यांना सवलत मिळू शकते, आणि मातृभाषा मराठी असल्याचा शाळेचा दाखला आधीच काढून ठेवा.

परदेशात नेमकी ‘कुटुंब अध्ययन व वृद्धत्वशास्त्र’ याच नावाची एम.ए. कॅनडात हॅलिफॅक्सच्या माउंट सेंट व्हिन्सेंट विद्यापीठात आहे. अडचण तुमच्या तीन वर्षांच्या पदवीची. कॅनडातली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, त्यामुळे इथली एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर अर्ज केलेला बरा.

मलप्रभा_काठ
प्रश्नावलीबद्दल सविस्तर लिहिते, कारण प्रबंध इथेच फसतात.

नैराश्यासाठी जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केलचा १५ प्रश्नांचा छोटा नमुना वापरतात. उत्तर होय किंवा नाही. १० प्रश्नांत ‘होय’ला गुण आणि १, ५, ७, ११, १३ या पाचांत ‘नाही’ला. एक्सेलमध्ये हे पाच उलटवायचे राहिले की आनंदी माणूस निराश दिसतो. साधारण ५ च्या वर गुण गेले की पुढची तपासणी हवी असं धरतात, म्हणजे दोन प्रश्न चुकीचे समजले तरी निकाल फिरतो.

आणि ते चुकीचे समजतातच. ‘तुमचं आयुष्य रिकामं वाटतं का?’ असं विचारलं की खानापूरकडचा शेतकरी ‘होय, आता रिकामाच की’ म्हणेल. त्याच्या लेखी रिकामा म्हणजे हाताला काम नसलेला. तिथे ‘जगण्यात काही राहिलं नाही असं वाटतं का?’ असं काहीतरी हवं. ‘असहाय’ हा शब्दही गावात चालत नाही. ‘बाहेर जाण्यापेक्षा घरात राहणं आवडतं का?’ हा प्रश्न जुलैच्या पावसात, गुडघे दुखणाऱ्या आजीला विचारला तर उत्तर गुडघ्याचं येतं, मनाचं नाही.

म्हणून मराठी प्रत मिळाली तरी ती इथल्या बोलीत तपासा. अनुवाद नव्याने करावा लागला तर दोघांकडून स्वतंत्र करून घ्या, दोन्ही जुळवा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करवा आणि मुळाशी ताडून पाहा. मग ८-१० वृद्धांना वाचून दाखवून ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ एवढंच विचारा. कन्नड बोलणारी घरं नमुन्यात येणार असतील तर कन्नड प्रतही याच पायऱ्यांनी करा. जागच्या जागी तोंडी अनुवाद केलात तर प्रत्येक घरी प्रश्न बदलतो.

काळजी घेणाऱ्यांवरचा ताण मोजायला झारिटची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येकी ० ते ४, एकूण ८८. तिची परवानगी आधी घ्यावी लागते. सासू त्याच खोलीत असेल तर सून सगळ्याला ‘कधीच नाही’ म्हणते. सुनेची मुलाखत वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी घ्या.

वयाला आधारकार्डावर विसंबू नका. १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली की बहुतेक ती अंदाजाने घातलेली असते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (११ डिसेंबर १९६७) शाळेत जात होता का, लग्न झालं होतं का, असं विचारत वय काढा.

निपाणी_वाचक
ताई, फार उपयोगी पडलं. नमुना किती घ्यावा? ज्येष्ठ नागरिक संघातून नावं घेतली तर चालेल?

मलप्रभा_काठ
संघात येतात ते चालते-फिरते, बोलके, बहुतेक पेन्शनवाले. अंथरुणाला खिळलेले त्यातून गळतात, आणि तुमच्या विषयाला तर तेही हवेत. बूथनिहाय मतदार यादी घ्या, तिच्यात वय असतं; ६० च्या वरची नावं काढून त्यातून चिठ्ठ्या टाका. यादी कन्नडमध्ये असली तर वाचणारं कुणीतरी सोबत घ्या.

५ टक्के चूक धरली तर सूत्राने ३८४ येतात, १० टक्के धरली तर ९६. एका मुलाखतीला सव्वा तास, दिवसाला तीन, म्हणजे ९६ ना ३२ दिवस. एकट्या विद्यार्थ्याला तेवढंच झेपतं.

तिसरं_गेट
तुलनेला लासीची, म्हणजे भारतातल्या वृद्धत्वाच्या देशव्यापी पाहणीची, माहिती घ्या. मुंबईच्या आयआयपीएसने (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२,००० हून अधिक लोकांची पाहणी केली, आणि अर्ज केल्यावर ती विद्यार्थ्यांना मिळते. कर्नाटकाचे आकडे निघतात, बेळगाव जिल्ह्याचे वेगळे निघत नाहीत.

मुलाखतीत कुणाला मारहाण किंवा उपासमार होते असं कळलं तर काय करायचं, हे संमतीपत्रकातच लिहून नीती समितीला दाखवा. १४५६७ ही एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखालचा निर्वाहखर्चाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे जातो, निपाणीकरांना त्यासाठी चिकोडी गाठावी लागते. अंगठा देणाऱ्यांच्या संमतीला घराबाहेरचा साक्षीदार घ्या. मुलगा साक्षीला उभा असेल तर म्हातारी माणसं मोकळं बोलत नाहीत.