कारखानदारांचा सर्व्हे आणि जिल्ह्याचा विकास: एकाच बाजूचं ऐकून कसं चालेल?

जुना मशिनिस्ट, अनगोळ

परवा या ग्रुपवर एका तरुणाने पोस्ट टाकली. सार असा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं पुण्याला नाहीतर गोव्याला पळतात, कारण त्यांना कामाचं काही येत नाही. म्हणून दरवर्षी जिल्ह्यातल्या कारखानदारांचा सर्व्हे घ्यायचा, त्यांना कसली माणसं लागतात ते विचारायचं, आणि आयटीआयचे कोर्स, वसाहतींचे रस्ते, वीज, सगळा पैसा त्या उत्तरांवर लावायचा. खाली सगळ्यांनी "बरोबर", "शंभर टक्के" लिहून टाकलंय. मला ते वाचून झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

"माणूस मिळत नाही" हे वाक्य मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय. पुढचं अर्धं वाक्य कुणी बोलत नाही: "मी देतो त्या पगारात." फॉर्मवर किती माणसं लागतात याचा रकाना असतो. काय देणार, किती तास राबवणार, कायम करणार की ठेकेदाराच्या नावावर ठेवणार, हे कुठे असतं?

फेटलिंग घ्या. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, साच्यातून निघालं की त्याच्या कडा ग्राइंडरने साफ करायच्या. तोंडाला रुमाल, समोर ठिणग्या, आणि वाळूची धूळ दिवसभर नाकात. इथल्या पोराच्या बापाने ते काम केलंय, रात्री तो खोकतो ते पोराने ऐकलंय. तो नाही जाणार. मग ओडिशा-बिहारची पोरं येतात. सर्व्हेत हे "कुशल कामगारांचा तुटवडा" म्हणून लिहिलं जाईल, आणि सरकार फेटलिंगचा सहा महिन्यांचा कोर्स काढेल. तिथे कोर्स नको, धूळ ओढणारी यंत्रणा पाहिजे. हे मालकाला विचारून कधीच कळणार नाही.

आणखी एक. आयटीआयचा टर्नर व्हायला दोन वर्षं लागतात. मालक आजच्या ऑर्डरींवर उत्तर देतो. ट्रॅक्टरचं काम थंडावलं की त्याच मालकाच्या गेटवर "भरती नाही" लागतं, आणि पोरगं तोवर दुसऱ्या वर्षाला असतं.

शेडवाला, उद्यमबाग

काका, वयाचा मान ठेवून बोलतो. खरं तुम्ही आम्हाला सरसकट लुटारू केलंत.

माझ्या शेडमध्ये दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आहेत, दोन्ही बँकेच्या हप्त्यावर. मी पोरगं घेताना एकच करतो: ड्रॉइंग समोर ठेवतो, हातात व्हर्निअर, म्हणजे माप घ्यायचं साधन, देतो आणि बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, मोजायला सांगतो. सर्टिफिकेट फ्रेम करून आणलेलं पोरगं व्हर्निअर उलटं धरतं. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) म्हणजे काय विचारलं तर खाली बघतं. ज्या संस्थेतून ते आलं तिथे मशीन झाकून ठेवलेलं आहे, हे त्यानेच मला सांगितलं. याला पगार कारण आहे काय?

मी शिकवतो. ऑफसेट घ्यायला, इन्सर्ट बदलायला, जॉब रिजेक्ट का झाला ते ओळखायला. शिकला की हजार-दीड हजार जास्त मिळतात म्हणून दुसरीकडे. गेल्या दिवाळीला बोनस घेऊन गेलेला पोरगा परत आलाच नाही, फोनही उचलत नाही. माझा माल वेळेवर गेला नाही, गिऱ्हाइकाने दंड कापला. ते नुकसान कुठल्या रकान्यात लिहू?

सर्व्हे पाहिजेच. आम्हाला कधी कुणी विचारलंच नाही. बेंगळुरूत बसून ठरवतात बेळगावला काय पाहिजे.

फॉर्म घेऊन फिरलेला

दोघांनाही एक सांगतो. कॉलेजात असताना अशाच एका सर्व्हेचे फॉर्म घेऊन मी होनगा, काकती, मच्छे या बेळगावजवळच्या वसाहती फिरलोय.

मोठ्या कारखान्यात वॉचमन फॉर्म घेतो, "एचआरला देतो" म्हणतो. आठवड्याने गेलं की एचआरवाले पेन काढतात. "येत्या वर्षात किती माणसं लागतील?" या प्रश्नावर एकाने मलाच विचारलं, "बाकीच्यांनी किती लिहिलंय?" मी सांगितलं नाही, तर त्यांनी पन्नास लिहिलं. का पन्नास? गोल आकडा. छोट्या शेडमध्ये मालक स्वतः मशीनवर, हात तेलाने माखलेले. तो म्हणायचा, "तू लिही की, मी सांगतो." तिथली उत्तरं खरी असायची. खरं त्या शेडी आमच्या यादीत निम्म्याही नव्हत्या.

सरकारची औद्योगिक पाहणीसुद्धा मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांची: जुन्या कारखाना कायद्याप्रमाणे वीज वापरत असाल तर 10 कामगार, नसाल तर 20. उद्यमबागेतल्या किती शेडमध्ये दहा माणसं आहेत? आणि 1959 च्या कायद्यात होतंच की, 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनाने रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवायच्या, दर तिमाहीला विवरण द्यायचं. ते नीट भरून घेतलं असतं तरी निम्मा सर्व्हे घरबसल्या झाला असता.

मच्छेचा

फॉर्म कुठल्या भाषेत होता ते सांगा आधी.

फॉर्म घेऊन फिरलेला

कन्नड आणि इंग्रजी.

मच्छेचा

झालं. माझ्या मामाचं मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. असाच कागद आला होता, त्याने बाजूला टाकला. मराठी शाळेत सातवी झालेल्या माणसाने तो कसा भरायचा? मग अहवालात येणार "प्रतिसाद नाही".

आणि विकासाचं सोडा, आधी "स्थानिक" कोण ते ठरवा. जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने विधेयक मंजूर केलं होतं, व्यवस्थापनातल्या 50 टक्के आणि इतर 70 टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, 15 वर्षं राहिलेला, आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. माध्यमिकला कन्नड नसेल तर परीक्षा द्या. उद्योगवाले ओरडले म्हणून थांबवलं. ओरडले ते बेंगळुरूचे आयटीवाले, आपल्यासाठी कोण ओरडलं? तुम्ही सर्व्हे घ्या, माणसं मोजा, आणि उद्या तेच आकडे दाखवून आमच्या पोरांना बाहेरचे ठरवतील.

सदाशिवनगरकर

प्रत्येक धाग्यावर हेच. मी मराठी शाळेतच शिकलो. इथल्या मराठी माध्यमाच्या पोरांना एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, कन्नड विषय असतोच. शिका की मनापासून. मी कन्नड वाचतो, लिहितो, ऑफिसात काही अडत नाही. पोरांना भडकवून तुमचं राजकारण चालतं, नोकरी त्यांची जाते.

मच्छेचा

तुम्हाला ऑफिसात अडत नाही, कारण तुम्ही ऑफिसात आहात. माझी बहीण सातबाऱ्याचा उतारा काढायला गेली तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मराठीतला अर्ज न वाचता परत ढकलला. रांगेतल्या सगळ्यांसमोर. तिला कन्नड बोलता येतं, तरी डोळ्यांत पाणी घेऊन घरी आली. शिकण्याला कोण नाही म्हणतंय? आमच्या घरात तिन्ही भाषा चालतात. नको म्हटलंय ते अपमानाला.

सदाशिवनगरकर

तो अपमान चुकीचाच. हे मी मान्य करतो. खरं 1956 पासून आपण सीमावादच धरून बसलोय, महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, सुप्रीम कोर्टातला दावा 2004 चा. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर वीस वर्षांच्या पोराने काय करायचं, घोषणा द्यायच्या?

मच्छेचा

तोवर त्याचा फॉर्म त्याच्या भाषेत छापायचा. एवढंच मागतोय. हे तुम्हाला घोषणा वाटत असेल तर आपलं बोलणं संपलं.

शेडवाला, उद्यमबाग

अहो, माझ्या शेडमध्ये मराठी, कन्नड दोन्ही कमी आणि हिंदी जास्त चालते. मशीन लावून देणारा सेटर गोरखपूरचा, हेल्पर ओडिशाचा. तुम्ही दोघं भांडत बसा.

शिनोळीत शिफ्टला

मी रोज बेळगावातून शिनोळीला जातो. वेंगुर्ला रोडने पंधरा किलोमीटरच्या आसपास, मध्ये राज्याची हद्द. तिथली एमआयडीसी महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. मालक बेळगावचे, सुपरवायझर बेळगावचे, कास्टिंग उद्यमबागेतून येतं, मशिनिंग होऊन परत जातं. उलट बाजूने तुडये, शिनोळीची पोरं रोज बेळगावात कामाला येतात. त्यांची शाळा महाराष्ट्र बोर्डाची. 2024 च्या त्या व्याख्येत ती पोरं बसतच नाहीत, बाजार मात्र त्यांचा पिढ्यान्पिढ्या बेळगावच.

आता सांगा, बेळगाव जिल्ह्याचा सर्व्हे हद्दीवर थांबला तर त्यात मी कुठे? मी बेळगावच्या घरात राहतो, कामाला कोल्हापूर जिल्ह्यात. दोन्हीकडच्या यादीत अर्धा. निपाणीकडच्या पोरांना कागलची वसाहत हाकेच्या अंतरावर आहे, हत्तरगीच्या एरोस्पेस सेझपेक्षा (विमानाचे भाग करणारी वसाहत) ती जवळ पडते. नोकऱ्यांच्या बाजाराला नकाशावरची रेघ दिसत नाही, सर्व्हेवाल्यांना फक्त तीच दिसते. भाषेचं भांडण मोठं असेल, खरं मला रोजच्या येण्याजाण्याची एसटी वेळेवर पाहिजे. दुसरी शिफ्ट सुटल्यावर वाहन नाही म्हणून चांगली पोरं काम सोडतात. हे कुठल्या मालकाने फॉर्मवर लिहिलंय?

निपाणीची लेक

इतका वेळ वाचतेय. सगळे मशीनवाले, सगळे पुरुष. जिल्हा उद्यमबागेपाशी संपत नाही.

माझ्या आईने जन्मभर बिड्या वळल्या. सुपात तंबाखू, ओलं करून कापलेलं पान, डाव्या हातात पान धरून उजव्या हाताने जर्दा पसरायचा, गुंडाळायचं, दोऱ्याची गाठ मारायची. हजार बिड्यांवर मजुरी. संध्याकाळी नेऊन दिल्या की तिथला माणूस मूठभर उचलून "छाट" म्हणून बाजूला टाकायचा. त्याचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्या परतही मिळत नव्हत्या. पान कमी पडलं तर पदरचं आणायचं.

आता तुमचा सर्व्हे आला. मालक कोण? ज्याच्या नावाचं लेबल आहे तो सांगणार, "माझ्याकडे ऑफिसात इतकी माणसं." ठेकेदार सांगणार, "बायका आपापल्या घरी काम करतात, मी फक्त पान-तंबाखू देतो." 1966 च्या बिडी कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईला कामगार मानलं होतं, सर्व्हेत मात्र ती कुणाचीच नसते. गुडघे धरलेत, पाठ वाकलीय, पोरींना यातून बाहेर पडायचंय, त्यांना काय शिकायचंय हे विचारणारा प्रश्नच नाही.

1981 ला इथले तंबाखू शेतकरी भावासाठी हायवेवर बसले आणि गोळीबारात माणसं मेली. व्यापाऱ्यांना किती माल पाहिजे ते तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पिकवणाऱ्याला काय परवडतं हे विचारायला लोकांना रस्त्यावर बसावं लागलं.

शेडवाला, उद्यमबाग

ताई, तुमचं वाचून गप्प झालो. बिडीचं मला काही माहीत नाही, त्यावर बोलणार नाही.

खरं काकांना एक विचारतो. मालकाला विचारू नका तर विचारायचं कुणाला? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला बेळगावातच सायकलचं दुकान काढलं, इथेच नांगर केले. ठळकवाडीची जागा सोडावी लागली म्हणून 1910 ला कारखाना कुंडलच्या माळावर गेला. तेव्हा कुणी "तुम्हाला इथे राहायला काय पाहिजे?" असं विचारलं असतं तर? मला आज वीज दिवसात दोनदा जाते, चालू जॉबमध्ये टूल तुटतं. हे मी नाही सांगायचं तर कोण सांगणार?

जुना मशिनिस्ट, अनगोळ

वीज, रस्ता, पाणी, जागा हे तुम्हीच सांगायचं. तिथे तुमचा शब्द शेवटचा, मला मान्य. व्हर्निअरचंही मान्य, झाकलेली मशीनं मीही बघितलीत. माणसांचं मात्र तुम्ही एकटे सांगू शकत नाही. तुमचा दिवाळीला गेलेला पोरगा का गेला हे तुम्हाला माहीत नाही, तुम्ही हजार-दीड हजार धरून चाललात. कदाचित त्याला पीएफ पाहिजे होता. घेतलाय का कापून?

शेडवाला, उद्यमबाग

नव्हता. आमच्याकडे वीस माणसं नाहीत, कायद्याने लागत नाही.

शिनोळीत शिफ्टला

लागत नाही हे खरं. लग्न जमवताना मुलीचा बाप मात्र पीएफ विचारतो.

फॉर्म घेऊन फिरलेला

मग असं करा की. मालकाच्या फॉर्मवर "किती माणसं लागतील" काढून टाका, त्याऐवजी गेल्या वर्षात किती घेतली, किती पगारावर, किती सोडून गेली एवढंच विचारा. झालेल्या गोष्टीचा आकडा गोल करता येत नाही, हजेरीपट समोर असतो. तीसच्या वर माणसं असतील तर अप्रेंटिस घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्के; ते किती घेतले, त्यातले किती टिकले तेही विचारा. आणि सोडून गेलेल्यांपैकी काहींना फोन करा. शिनोळी, कागल धरूनच करा, नाहीतर नको.

निपाणीची लेक

घरी वळणाऱ्या बायका?

फॉर्म घेऊन फिरलेला

त्या मालकाच्या यादीतून सापडणार नाहीत. घरोघर जावं लागेल. तेवढा पैसा कुणी देत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

निपाणीची लेक

मग त्याला जिल्ह्याचा सर्व्हे म्हणू नका. कारखान्यांचा म्हणा.

सदाशिवनगरकर

हे बरोबर बोललात.

मच्छेचा

आणि फॉर्म मराठीतही.

शेडवाला, उद्यमबाग

मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, मी भरतो. पगाराचा रकाना घाला, तोही भरतो, लपवण्यासारखं काही नाही. खरं त्या पोराला फोन केलात तर तो काय म्हणाला ते मलाही कळवा. आणि फॉर्म 20 तारखेच्या आत आणू नका, जीएसटी भरायचा असतो.