प्रति: मरळीच्या चाऱ्यासाठी जाळीआड तिलापिया
मरळ ही शिकारी मासळी; तिला खायला पिल्लं मिळावीत म्हणून त्याच तळ्यात जाळीच्या कुंपणाआड तिलापिया मासे ठेवायचे, अन् ती जाळी मच्छरदाणीसारखी बारीक हवी, असं इथे एकानं लिहिलंय. बारीक जाळीचं मला नाही पटलं. तसल्या जाळीवर आठवड्यात शेवाळ चढतं, आतलं पाणी हलत नाही, अन् पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत बसतात. शिवाय पिल्लं बाहेर निघालीच नाहीत तर मरळ खाणार काय? आमच्या बोडीत (लहान तळ्यात) बोटाचं टोक जाईल एवढी जाळी आहे. मोठे आत, पिल्लं आपसूक बाहेर.

खरी गोची तळाशी झाली. तिलापियाचा नर विणीच्या वेळी चिखलात खळगे उकरतो, हे ध्यानातच नव्हतं. पोळ्याच्या सुमारास पाहतो तर जाळीची कड उघडी पडलेली, अन् दोन मरळी आत ऐटीत! आता कड हातभर गाडून वर विटा ठेवल्यात.