जर्मन नागरिकत्वाचा अर्ज, अण्णांचा प्रश्न आणि साडेतीन एकर शेत

तावरजाकाठ:
नमस्कार मंडळी. दिवाळीला गावी आलोय, औसा तालुक्यात. परत जायला नऊ दिवस उरलेत आणि तेवढ्यात एका गोष्टीचा निकाल लावायचाय.

मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात मी वाळूजला एका कारखान्यात इंजिनियर होतो. आमची विहीर तेव्हा तळाला गेली होती. २०१९ ला ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या कामगारांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मनीला गेलो, स्टुटगार्टजवळ. आता कायम वास्तव्याचा परवाना आहे, बायको आणि लेक तिथंच आहेत. जून २०२४ पासून तिथला कायदा बदलला. नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षं राहिलं की पुरतं आणि जर्मनी आता जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. आपल्याकडं मात्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम आहे. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच दिवशी संपतं.

भाषेची बी-वन परीक्षा झाली. नागरिकत्वाची परीक्षाही झाली. ३३ प्रश्नांत १७ बरोबर लागतात, माझे ३१ आले. दोनशे पंचावन्न युरो फी बाजूला काढून ठेवली आहे. अडलंय ते जन्मदाखल्यावर. माझा जन्म घरी झाला, ग्रामपंचायतीत नोंदच नाही. टीसीवर एक जून आहे, गुरुजींनी आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना दिलेली तारीख. उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याच्या खेपा चालू आहेत.

त्या खेपांमुळंच अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगावं लागलं. संध्याकाळी ढाळजेत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे आता तू आपला राहत न्हाईस का रं?” मी कागद, व्हिसा, लेकीचं शिक्षण असं काहीबाही बोललो. ते उठून आत गेले.

सकाळी त्यांनीच विषय काढला. “माझा बाप निजामाची रयत म्हणून जन्मला. सतरा सप्टेंबरला पोलीस अॅक्शन सपली आन् ह्याच उंबऱ्यात बसून तो भारताचा झाला. अर्ज न्हाई, परीक्षा न्हाई. पर त्येच्यासाठी गावोगावची माणसं मेली, ते आम्ही लहानपणी ऐकत मोठे झालो. आन् तू ते एका कागदावर सोडून देणार.” मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. साडेतीन एकर अण्णांच्या नावावर आहे, बहीण उदगीरला असते. मी परदेशी नागरिक झालो तर त्या जमिनीतला माझा हक्क राहतो का? आणि ज्यांनी हे केलंय त्यांनी घरी कसं सांगितलं?

जुना तलाठी:
बाळा, मी बत्तीस वर्षं तलाठी आणि मग मंडळ अधिकारी होतो, बीड जिल्ह्यात. जमिनीचं आधी सांगतो, कारण त्यावर गावात फार चुकीचं बोललं जातं.

वारसा हक्क नात्यावर ठरतो, पासपोर्टवर नाही. अण्णांच्या पश्चात वारसाचा फेरफार होईल तेव्हा तुझं आणि बहिणीचं नाव लागेल. फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ६(५) प्रमाणे भारतात राहणाऱ्याकडून वारशाने आलेली जमीन परदेशात राहणाऱ्याला, तो परदेशी नागरिक असला तरी, ठेवता येते. विकायची झाली तर शेतजमीन भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. शेत नव्याने विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही.

आता नीट वाच. हे शेवटचे दोन निर्बंध तुला आजही आहेत. तू परदेशात राहतोस, म्हणून भारतीय पासपोर्ट हातात असूनही शेत विकत किंवा बक्षीस घेता येत नाही. म्हणजे तिकडं राहतोयस तोवर नागरिकत्व बदलल्याने जमिनीच्या बाबतीत तुझं काही जास्तीचं जात नाही. तेवढी भीती मनातून काढ.

बहिणीचा हक्क बरोबरीचा आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून. अण्णा धडधाकट असताना तिघं बसून बोला. वडिलोपार्जित असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं. परत जाण्याआधी सातबारा, आठ-अ आणि जुन्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल काढून ठेव. १९५४ च्या खासऱ्यात आजोबांचं नाव बहुतेक सापडेल. तिकडून कुणाला मुखत्यारपत्र दिलंस तर सही भारतीय दूतावासात कर आणि ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घे. या एका चुकीने अडकलेली कामं मी पुष्कळ पाहिली.

निलंग्याचा सोयाबीनवाला:
मी घेऊ नको म्हणेन. आमच्या भावकीतले दोघं गेले, आता लग्नाकार्यालाही येत नाहीत. कायद्याने जमीन राहील, काकांनी सांगितलं ते खरंच असणार. पण अण्णांनी जमिनीचं विचारलंच नाही की. कायमचा परवाना आहे ना हातात? त्यावर रहा, पासपोर्ट आपला ठेव.

गोदाकाठची परिचारिका:
सोयाबीनवाले दादा, मीही हेच म्हणायचे. म्हणून माझं सांगते.

मी नांदेडची, तिकडं रुग्णालयात परिचारिका आहे. कायम परवान्यावर होते तेव्हा आईला अर्धांगाचा झटका आला. मी धावत आले, आणि पाचव्या महिन्यात आईला तसंच सोडून परत गेले. कारण साधा परवाना असेल तर सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलं की तो जातो. आई बोलू शकत नव्हती, पण मी बॅग भरत होते ते तिला कळत होतं.

त्यानंतर मी नागरिकत्व घेतलं. मग ओसीआय कार्ड काढलं, मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक झालेल्यांना भारत देतो ते. तो आयुष्यभराचा व्हिसा असतो, कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंदणी लागत नाही. आणि बाहेर राहिल्याने जर्मन नागरिकत्व जात नाही. पुढच्या खेपेला मी आईजवळ चौदा महिने राहिले, शेवटपर्यंत. भारताचा पासपोर्ट सोडला म्हणून मला आईपाशी राहता आलं. हे मी घरी आधी सांगितलं असतं तर बाबांचा एक वर्षाचा अबोला टळला असता.

काय जातं तेही सांगते. मत जातं, मतदार यादीतून नाव काढावं लागतं. निवडणुकीच्या दिवशी मी बाबांना रिक्षाने केंद्रावर नेते आणि दाराबाहेर थांबते. ते दर वेळी लागतं मनाला.

एक काळजी घ्या. जर्मन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडलं की त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, तो गुन्हा आहे. पासपोर्ट दूतावासात जमा करायचा, त्याचा दाखला घ्यायचा, मग जर्मन पासपोर्टवर ओसीआयचा अर्ज. यात काही महिने जातात. अण्णांची तब्येत बरी असेल असा काळ त्यासाठी निवडा. मधेच यायची वेळ आली तर व्हिसा काढावा लागतो.

तावरजाकाठ:
सगळ्यांचे आभार. काल रात्री आकाशकंदिलाखाली बसून अण्णांना हे सगळं वाचून दाखवलं. तलाठीकाकांचं ऐकून म्हणाले, “जमिनीचं मी कधी इचारलं?” सोयाबीनवाले दादा, तुम्ही बरोबर ओळखलंत.

ताई, तुमचं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ‘चौदा महिने’ आलं तिथं त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, “कागद देताना ते तुला काय वाचायला लावत्यात?” मी सांगितलं, त्यांची राज्यघटना आणि कायदे पाळीन असं मोठ्यानं म्हणावं लागतं. म्हणाले, “त्या दिवशी फोन चालू ठीव. मला ऐकू दे.”

बहीण उद्या उदगीरहून येतेय. सोमवारी तिघंही तहसीलला जाऊन खासऱ्याची नक्कल मागणार आहोत.