प्लेटोने म्हातारपणी कायद्यापुढे हात टेकले का?

ओसरीवर : प्लेटो म्हटलं की सगळे त्याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातल्या तत्त्वज्ञ राजापाशी (कायद्यापेक्षा स्वतःच्या ज्ञानावर राज्य करणारा) थांबतात. म्हातारपणी लिहिलेलं त्याचं सर्वांत लांबलचक पुस्तक ‘लॉज’ कुणी उघडतच नाही (रटाळ आहे, मान्य). त्यात क्रीट बेटावर तीन म्हातारे नोसोसहून झ्यूसच्या गुहेकडे निघालेत आणि चालता चालता ५०४० कुटुंबांच्या नव्या नगरीचे कायदे ठरवताहेत. तिथे प्लेटो बजावतो की जिथे कायदा धनी आणि सत्ताधारी त्याचे दास, तेच राज्य तरतं. शिवाय कायद्यांना प्रस्तावना हवी : लोकांना आधी पटवा, मग धाक दाखवा. सिसिलीतल्या सिराक्यूजचा सत्ताधीश दुसरा डायोनिसियस याला शहाणं करायला जाऊन हात पोळले, त्यातून आलेली ही समज असावी. मला तरी हाच प्लेटो मोठा वाटतो.

तिरपागडा : दहावा भाग वाचलात का? माणूस भला आहे, पण देव मानत नाही, तर किमान पाच वर्षं सुधारगृहात. भेटायला फक्त रात्रमंडळाचे (कायद्यांवर नजर ठेवणाऱ्या वरिष्ठ मंडळाचे) सदस्य. सुटल्यावर पुन्हा तेच केलं तर मृत्युदंड! इ.स.पू. ३९९मध्ये देव न मानल्याच्या आरोपावरून सॉक्रेटिसला विष पाजलं गेलं, आणि त्याचाच शिष्य हे लिहितो. पहाटे भरणारं ते मंडळ म्हणजे तत्त्वज्ञ राजाच, समितीच्या वेशातला.

ओसरीवर : नास्तिकांच्या कलमाचं समर्थन करणार नाही. पण मंडळात दहा ज्येष्ठ कायदारक्षक आहेत. ते निवडून आलेले, सत्तरीला पायउतार होणारे. ‘रिपब्लिक’च्या राजाला कोण निवडत होतं?

जुनी वही : तिरपागडांशी सहमत. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल यानेही आपल्या ‘पॉलिटिक्स’मध्ये हेच म्हटलंय की ‘लॉज’ हळूहळू फिरून ‘रिपब्लिक’कडेच जातं. वर टोमणा : पाच हजार माणसं रिकामी बसून खाणार, तर बॅबिलॉनएवढा मुलूख लागेल. आणि ‘आधी पटवा’ हे कुणासाठी? गुलामाशी बोलणं म्हणजे बहुतेक हुकूमच असावा, हे याच पुस्तकात आहे. शेती त्यांनीच करायची, पटवायचं मात्र मालकांना. कायद्याच्या राज्याची बाजू वाचायची तर ॲरिस्टॉटलच वाचा. वासना नसलेली बुद्धी म्हणजे कायदा, इतकं नेमकं तो लिहितो.

ओसरीवर : गुलामांचा निकष लावायचा तर ॲरिस्टॉटल आधी बाद होतो. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, हे त्याच ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात आहे.