मदत हवी आहे: डॉल्फिनचं सोन्याचं नाणं न घासता तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. आमच्याकडे दर्या फक्त तालुक्याच्या नावात आणि खारेपणा विहिरीत (खारपाणपट्टा हो!), तरी घरात एक डॉल्फिन आलाय आणि त्यावरून रोज खडाजंगी चालू आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मुलाला समुद्री प्राण्यांच्या नाण्यांचा नाद आहे. गेल्या खेपेला त्यानं रॉयल ऑस्ट्रेलियन मिंटचं 2019 चं बॉटलनोज डॉल्फिन आणलं. विमानतळावर दाखवून ड्युटी भरली, पावती आहे. एक औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम, तीन तोळ्यांच्या वर. शुद्धता 99.99 टक्के. मागे राणी एलिझाबेथ आणि नाण्यावर छापलेली किंमत फक्त 100 डॉलर! तेवढ्यात कोणी द्यायला तयार असेल तर दहा घेतो.

गावच्या सराफाकडे नेलं. तो म्हणे, "मास्तर, हालमार्क कुठाय यावर? कसोटीवर घासून पाहतो, नाही तं गाळून टंच (शुद्धता) काढू." मी नाणं उचललं आणि निघालो. चोवीस कॅरेट सोनं नखासारखं मऊ, एक ओरखडा पडला की संग्रहाची किंमत गेली. सौभाग्यवतीचं वेगळंच: "डब्बीत ठेवून त्याची पूजा करता काय? कडी लावून पोरीच्या गळ्यात घालू."

घरी पाण्याचा प्रयोग केला. छोट्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य केलं, नाणं दोऱ्यानं बुडवून लटकवलं. काटा 1.61 वर थांबला. 31.1 भागिले 1.61 म्हणजे साधारण 19.3, सोन्याची घनता बरोबर. पण टंगस्टनची घनताही 19.25! आतला गाभा टंगस्टनचा असला तर माझा ग्लास काय सांगणार? आणि सोनं तपासायची एक्स-रे मशीनही वरचा थरच वाचते ना?

तर विचारायचं असं, की अमरावती-नागपूरकडे ओरखडा न पाडता आतपर्यंत तपासून देणारं कोणी आहे का? आणि विकायची वेळ आलीच तर सोन्याच्या भावावर डॉल्फिनचे दोन पैसे जास्त देणारे संग्राहक कुठे भेटतात? सराफ तर वजनाचाच भाव सांगतो, तोही घट कापून.

ता.क. पोरीचं लग्न मार्गशीर्षात आहे. त्याआधी उत्तर आलं तर ठीक, नाही तर कडी बसलीच समजा.