एम्युलेटरमधलं घड्याळ: होस्टशी बांधायचं की मोकळं सोडायचं?

उद्यमनगरकर
आमच्या वर्कशॉपातलं जॉबकार्डाचं डॉस सॉफ्टवेअर आता क्यूईएमयूमध्ये, म्हणजे पीसीची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये चालतं. मालक आत शिरून तारीख मागं घेतात (का, ते विचारू नका). व्हीएम (आतला नकली पीसी) बंद करून सकाळी चालू केलं की परत आजचीच तारीख. माझं मत असं, की गेस्टनं (आतल्या सिस्टिमनं) लावलेली वेळ होस्टपासूनचा (बाहेरच्या खऱ्या पीसीपासूनचा) फरक म्हणून सेकंदांत साठवावी. खऱ्या पीसीत सीएमओएसला (घड्याळ आणि सेटिंग जपणाऱ्या चिपला) सेल असतो, मशीन बंद असलं तरी घड्याळ पुढं सरकतं. फरक साठवला की तसंच वागतं.

रंकाळ्याचा_बाइट
फरक कुणाशी, होस्टशीच ना? त्याचाच सेल मेला असला तर एनटीपीनं (इंटरनेटवरून वेळ जुळवून) दुरुस्त होईपर्यंत गेस्ट कुठल्या साली उठेल सांगता येत नाही. मग जॉबकार्डांचा क्रम गेला. होस्टशी नातंच नको. क्यूईएमयूची 'क्लॉक=व्हीएम' ही सेटिंग ठेवा, व्हीएम थांबलं की घड्याळ थांबलं.

उद्यमनगरकर
आणि शनिवारचा स्नॅपशॉट (व्हीएमची जशीच्या तशी जपलेली अवस्था) मंगळवारी उघडला की आत शनिवारच! टेस्टिंगला ठीक हाय भावा, धंद्याला न्हाई.

काडतूस_गँग
गेमबॉयवाल्यांनी (हातातल्या जुन्या गेमयंत्राचे एम्युलेटर करणाऱ्यांनी) हे कधीच सोडवलंय. काडतुसातल्या (गेमच्या कार्ट्रिजमधल्या) एमबीसी३ चिपचं घड्याळ बऱ्याच एम्युलेटरांत सेव्ह फाइलच्या शेपटाला ४४ किंवा ४८ बाइटांत जातं: रजिस्टरं (घड्याळाचे आकडे) आणि सेव्ह केल्याचा युनिक्स टाइमस्टॅम्प (सेकंदांत मोजलेली वेळ). उघडताना मधला काळ मोजून रजिस्टरांत मिळवायचा. दिवसांचा काउंटर ९ बिटांचा, ५११ नंतर शून्य आणि कॅरी बिट (काउंटर भरून उलटल्याची खूण) लागतो. तो कॅरी विसरलेले एम्युलेटर लई बघितलेत. होस्ट मागं गेला आणि मधला काळ उणे आला, तर शून्य धरायचा. विषय संपला.

रंकाळ्याचा_बाइट
गेममध्ये संपला. होस्ट उलटा दोन वर्षं पुढं गेला तर? तेव्हा फरक अधिक येतो, तुझा शून्याचा नियम लागतच नाही. मोबाइलची तारीख पुढं ढकलून तुम्ही गेमवाले वाट न बघता गेम पुढं नेता ते सगळ्यांना माहीत आहे.

शिरोली_नाका
दोघंही भारतीय वेळेच्या साडेपाच तासांच्या सावलीत बसून भांडताय. भारतात घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून 'लोकलटाइम' (गेस्टचं घड्याळ स्थानिक वेळेवर) टाकून निवांत झोपता येतं. जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळ लागते, तेव्हा विंडोज गेस्ट स्वतःच आरटीसी (आतलं हार्डवेअर घड्याळ) तासभर पुढं लिहितो, होस्टची स्थानिक वेळही तासभर पुढं जाते. फरक लोकलटाइमपासून मोजून जपलात तर पुढच्या बूटला घड्याळ दोन तास पुढं. फरक यूटीसीपासूनच (न हलणाऱ्या जागतिक वेळेपासूनच) मोजा. लिब्व्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या वरच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'व्हेरिएबल' ऑफसेटला (बदलत्या फरकाला) बेसिस, म्हणजे फरक कुठून मोजायचा ते, वेगळा देता येतो, नाही दिला तर यूटीसीच धरतात.
आणि उद्यमनगरकर, गेस्टनं घड्याळ बदललं की क्यूईएमयू 'आरटीसी चेंज' इव्हेंट सोडतं, त्यात फरक असतो. जपायचं काम वरच्या थराचं. लिब्व्हर्ट ते करतं, तुमची बॅच फाइल ऐकतच नसणार.

उद्यमनगरकर
बरोबर, साधी बॅच फाइलच आहे. पण एम्युलेटरनंच डिस्क इमेजशेजारी (आतल्या डिस्कच्या फाइलीशेजारी) तो आकडा लिहून ठेवला तर काय बिघडतं? खऱ्या मदरबोर्डाला कुणी वरचा थर लागत नाही.

शिरोली_नाका
खऱ्या मदरबोर्डाची कॉपी-पेस्ट होत नाही. तीच इमेज दोन लॅपटॉपवर नेली, दोन्हीकडं तारीख बदलली. आता कुठला फरक खरा?

उद्यमनगरकर
शेवटी चालवला त्याचा.

रंकाळ्याचा_बाइट
आणि "शेवटी" कोण, ते कुठल्या घड्याळावर बघणार?